नाक्यावर मागितलेलं पाणी

ये सुमन, जवळ बसून ऐकल्यासारखं वाच. ओतूरच्या बाजाराला येतेस आणि या मावशीचं दार चुकवून जातेस. शोभतं का गं? वर निरोप धाडतेस, लढाईचं लिही.

मी आर्मीत नर्स, लेफ्टनंट. नव्वदीच्या दशकात आमचं फील्ड हॉस्पिटल शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत होतं. सहाला वॉर्ड राउंड, सातला चहा. चहाला कॅप्टन निकोस यायचा. ग्रीक, शस्त्रसंधीवर नजर ठेवणारा ऑब्झर्व्हर. मी त्याला म्हटलं, "आमच्या जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी पाण्याची टाकी खोदून दिलीत. यवन म्हणजे तुम्हीच."

"म्हणजे तुम्ही आमचं पाणी प्यालात, सिस्टर. नातं झालं."

मग त्यानं आपल्या खापरपणजोबांचं सांगितलं. एकोणिसाव्या शतकातले मुत्सद्दी. आधी दुभाषे, मग इस्तंबूलला राजदूत, मग लंडनला, दोनदा परराष्ट्रमंत्री. सरहद्दीच्या बोलणीला बसले की आधी समोरच्याकडे पाणी मागायचे. पाणी देणारा तेवढ्यापुरता यजमान होतो, म्हणायचे. बंदूक न उचलता गावंच्या गावं मिळवली. शेवटी निवडणुकीत पडले आणि भाड्याच्या खोलीत वारले.

एका दुपारी, तीन चाळीसला, आम्ही ॲम्ब्युलन्समध्ये. पोटात गोळी लागलेला जवान, सर्जन अकरा किलोमीटरवर. निकोस सोबतीला. ड्रायव्हर नायक शिंदे, आपल्या आंबेगावचा. वाटेत नाका, आडवी दोरी, सहा स्थानिक बंदूकवाले.

वायरलेसवर तळावरून आवाज आला, "रोमिओ टू, तिथंच थांबा. एस्कॉर्ट चाळीस मिनिटांत."

"पेशंटकडे तेवढा वेळ नाही. ओव्हर," मी म्हटलं.

शिंदे पुटपुटला, "मॅडम, क्लचवर पाय ठरंना."

"इंजिन बंद करू नकोस," मी म्हटलं.

निकोस उतरला. बंदुकीची नळी त्याच्या छातीला टेकली. मानेवरून घाम ओघळत होता. त्यानं हातानं खूण करून पाणी मागितलं. कुणी हललं नाही. जवानाची नाडी माझ्या बोटांखाली बारीक होत चालली होती.

त्यांच्यातला एक म्हातारा उठला, कॅन आणला. निकोस प्याला आणि कॅन माझ्याकडे धरला. मी उतरले. पाण्याला डिझेलचा वास होता. प्याले. म्हाताऱ्यानं दोरी सोडली.

चार वाजून पाच मिनिटांनी जवान ऑपरेशनच्या टेबलावर होता. वाचला.

तीन आठवड्यांनी त्याच रस्त्यावर निकोसची जीप सुरुंगावर गेली. त्याचं शव मीच गुंडाळलं. कमरेची पाण्याची बाटली भरलेली होती, त्या दिवशी नाक्यावर होती तशीच.

लेण्यांतल्या त्या टाक्यापाशी जाऊन त्याचं नाव घ्यायचं राहिलंय. एकटीला अजून धीर होत नाही. लवकर ये गं, दोघी जाऊ.