पहिला तांब्या

यशवंत हवालदार पाणी पीत नसत, वाचत असत. तोंडात घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, मान जरा डावीकडे कलती करायचे आणि पारावरची मंडळी श्वास धरून बसायची. मग घोट गिळून म्हणायचे, "वरच्या मळ्यातली हीर. उत्तरंच्या अंगाचं पानी." आणि ते तसंच निघायचं. एकदा तर त्यांनी नुसत्या घोटावरून सांगितलं, की सकाळी या विहिरीवर एक म्हैस पाणी पिऊन गेली, तिचं डावं शिंग मोडलेलं आहे आणि ती गाभण आहे. आता म्हशीचं तेवढं मी घातलेलं. पण ते मी कुंडलपासून थेट सांगलीपर्यंत इतक्या वेळा सांगितलं, की पुढे त्या म्हशीचे मालक म्हणवणारे तीन जण निघाले आणि त्यांच्यात भांडणंही झाली.

गाव त्यांना नाना म्हणे. फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि पाणाड्या झाले. विहीर कुठं खणायची हे ते सांगत. बाकीचे पाणाडे तळहातावर नारळ उभा करून रानातून फिरायचे. नाना त्यांना म्हणत, "नारळ चटणीला ठिवा. दगूड वाचाया शिका." ते उंबर बघायचे, वारूळ बघायचे, मुरूम चिमटीत चुरडायचे. राजस्थानात तैनात असताना पाणी मापून मिळायचं, तिथं त्यांच्या जिभेला शिस्त लागली, असं ते सांगायचे.

याबद्दल ते काही घेत नसत. मान एकच होता. नव्या विहिरीला पाणी लागलं, की पहिला तांब्या नानांचा. खणणाऱ्यानं, मालकानं, कुणीही त्याआधी ओठ ओला करायचा नाही. नानांच्या आज्याला याच गावानं गावविहिरीची पायरी उतरू दिली नव्हती. वरून कुणी ओतेल तेव्हा खाली ओंजळ धरायची. आणि आता पाटील स्वतः तांब्या घासूनपुसून नानांच्या हातात देत. नाना या गोष्टीचं भांडवल कधी करत नसत. एकदाच म्हणाले, "आज्याला पानी मिळायचं ते दुसऱ्याच्या मर्जीनं. आता मी चव घेतल्याबिगार गाव पीत न्हाई. पुरं झालं की."

पाच पेल्यांची पैज मी स्वतः लावली होती. पाच विहिरींचं पाणी म्हणून पाच पेले मांडले. चार त्यांनी झटक्यात ओळखले. पाचवा तोंडात फिरवला, माझ्याकडं एक डोळा उघडून बघितलं आणि म्हणाले, "ही हीर न्हाई, बाटली हाय. आन् ती बी कालची फोडलेली." हे मात्र अक्षरशः खरं आहे. बाटली माझ्याच पिशवीत होती.

माझ्या थापांवर ते पोट धरून हसायचे. "मी पाणाड्या, तू थापाड्या. दोघंबी जमिनीत नसल्यालं काडतो," म्हणायचे. कुणी मला खोटारडा म्हटलं तर मात्र त्यांना राग यायचा. "थाप येगळी, खोटं येगळं. थाप ऐकणाऱ्याला ठावं असतंय की ही थाप हाय. खोट्यात त्येला ठावं नसतंय. दिनू थापाड्या हाय, खोटारडा न्हाई." हे प्रशस्तिपत्र मी कितीतरी वर्षं छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं.

नोकरीला मी आमच्या माळावरच्या कापडाच्या कारखान्यात होतो. माधवनगरकडून विणलेलं कापड यायचं, त्याला आम्ही एका रसायनाचा हात द्यायचो, की मग त्यावर पाणी ठरायचं नाही. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळायचं. ते पुढं रेनकोट होऊन महाबळेश्वरला जायचं. मी सांगायचो, आमचा रेनकोट घालून माणूस महाबळेश्वरला चार महिने पावसात उभा केला, तर दसऱ्याला त्याला तहानेनं दवाखान्यात न्यावा लागतो. असा एक रेनकोट मी नानांना नेऊन दिला. त्यांनी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं, ते एक थेंबही मागं न ठेवता निघून गेलेलं पाहिलं, नीट घडी घातली आणि परत दिला. "पानी ज्येच्याजवळ थांबत न्हाई, त्ये माझ्या अंगाला नगं, गड्या."

कारखान्यात एक केमिस्ट बाई होत्या. आम्हा नव्या सुपरवायझरांना बसवून त्यांनी एक दुपारभर समजावलं आणि मी पहिल्या बाकावर होतो, झोपलेलो नव्हतो. हे फ्लोरिनचं रसायन कुजत नाही. उन्हानं मरत नाही. पाणी उकळलं तर जात नाही, उलट पाणी आटतं आणि हे मागं उरतं. अंगात गेलं तर वर्षानुवर्षं रक्तात मुक्काम करतं. मूत्रपिंड, यकृत, थायरॉईड, पोटातलं बाळ, सगळ्यांनाच त्यापासून धोका. रंग नाही, वास नाही आणि पाण्यात उतरलेलं असतं तेवढ्याला चवही नाही. 'चव नाही' याच्याखाली बाईंनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या. म्हणून धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत धरायचं, ओढ्याला सोडायचं नाही. टाकी वर्षभर चालली. मग बाई नोकरी सोडून गेल्या, टाकी गळायला लागली, ती दुरुस्त करण्यापेक्षा पाइप ओढ्याकडं वळवणं सोपं होतं. कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा हे दाखवायला मीच गेलो होतो.

ओढ्याला फेस यायला लागला. पांढरा, हलका, वाऱ्यानं उडून बाभळींना लटकणारा. मी पारावर सांगितलं, की यंदा सावरीचा कापूस जरा लवकर उलला. लोक हसले. पण गावविहीर ओढ्याच्या काठालाच होती आणि बायका हसल्या नाहीत. पाण्याला कायतरी झालंय, असं त्या म्हणायला लागल्या. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, की गाव कुणाचं ऐकतं. मी नानांचं नाव सांगितलं. पुढची युक्तीही माझीच. गावविहिरीचं पाणी सगळ्यांसमोर नानांना चाखायला द्यायचं. त्यांच्या जिभेला काही सापडणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणूनच मी जीभ निवडली.

त्या दिवशी नानांनी सकाळपासून चहा घेतला नव्हता, तंबाखू लावली नव्हती. तोंड कोरं हवं. इस्त्रीचा सदरा घालून, नवरदेवासारखे पारावर आले. मी विहिरीतून भरलेला तांब्या दिला. एक घोट, दुसरा, तिसरा. इतका वेळ त्यांना कधीच लागला नव्हता. मग म्हणाले, "पानी गोड हाय. धा वर्सामागं हुतं तसंच हाय. मला तर फरक लागंना."

एवढ्यावर सभा उठली असती. पण नाना माझ्याकडं वळले.

"दिनू, तू तितं कामाला हायस. जिभंला कळत न्हाई असं काय असतंय का रं त्यात?"

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, "आवं नाना, तुमच्या जिभंला कळणार न्हाई असं देवानं अजून पैदा केलं न्हाई," आणि लगेच म्हैस काढली. या वेळी तिचं दुसरं शिंगही मोडलं, शिवाय तिला जुळी रेडकं झाली. सगळा पार हसून हसून आडवा झाला. नानाही हसले. एवढी रंगलेली सभा मी आयुष्यात दुसरी केली नाही. बायका घागरी घेऊन विहिरीकडं गेल्या.

पुढं पाच वर्षं गाव ते पाणी प्यालं. सगळ्यात जास्त नाना प्याले. आपण गोड म्हटलेलं पाणी आपणच टाळायचं कसं, म्हणून गावाला जाताना बाटलीतून नेत.

नानांची नात प्रज्ञा सांगलीला रसायनशास्त्र शिकत होती. ती एका सुट्टीत आली आणि पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडं घेऊन गेली. अहवालात कारखान्याचं तेच रसायन निघालं. ग्रामपंचायतीनं फळ्या ठोकून विहीर बंद केली, टँकर सुरू झाला, पाइप एका रात्रीत ओढ्यातून गायब झाला. प्रज्ञानं आजोबांना समजावलं, की याला चवच नसते, जगात कुणालाच कळलं नसतं. त्यांना धीर द्यावा म्हणून तिनं ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या दारात. मला वाटलं, आता विचारणार. पण नाना वेगळ्याच कामाला आले होते. म्हणाले, "चल माझ्यासंगं. घरोघरी जायाचं हाय. माझ्या जिभंवर इस्वासून लोकांनी पानी पिलं, मला त्येंची माफी मागायची हाय. मला नीट बोलता यायचं न्हाई. तुला येतंय."

आणि मी गेलो. गावातलं एकही घर आम्ही सोडलं नाही. प्रत्येक उंबऱ्यावर नाना टोपी काढून हातात घेत आणि म्हणत, "माझी जीभ चुकली." बोलायला नेलेला मी, मला एकाही दारात तोंड उघडता आलं नाही. लोक म्हणत, आवं नाना, तुमचं काय चुकलं, बसा, च्या घ्या. एका घरात सून तिसऱ्यांदा गर्भ पडून माहेराहून परतली होती. ती कशानं, हे कुणी सांगू शकत नव्हतं, डॉक्टरही नाही. तिनं आतूनच विचारलं, "नाना, तुमास्नी ठावं न्हवतं न्हवं?" नाना म्हणाले, "न्हाई, लेकी." तिनं आतूनच म्हटलं, "मग ज्येला ठावं हुतं त्येनं यावं की दारात." मी दारातच उभा होतो.

वर्षभरात नानांच्या मूत्रपिंडाला गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांना प्रज्ञानं विचारलं, पाण्यानं का? ते म्हणाले, असू शकेल, नसूही शकेल, एका माणसाचं असं बोट ठेवून सांगता येत नाही. तोवर गावात कोळशाचा मोठा फिल्टर बसला. नवं पाणी सुरू झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, पहिला तांब्या नानांचा. तो घेऊन मलाच पाठवलं.

नाना खाटेवर उठून बसले. तांब्या हातात धरला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. मग माझ्यापुढं केला. "तू पी. आन् कसं हाय सांग."

मी घोट घेतला. कितीतरी थापा जिभेवर आल्या. मी म्हणालो, "नाना, ह्यात काय हाय न् काय न्हाई, त्ये जिभंला कळत न्हाई. मला तवाबी ठावं हुतं."

नाना खिडकीकडं वळले. "मंग त्या दिशी पारावर तू बोल्लास ती थाप न्हवती," एवढंच म्हणाले. मी पायाला हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय चादरीत घेतले. "माझ्या पाया पडून काय हुतंय. गावाला सांग. मी दारोदार हिंडलो त्यातलं वझं तुझं हाय."

मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्या, परवा करत आठ दिवस गेले. नवव्या दिवशी नाना गेले.

बुद्धविहारात त्यांची शोकसभा झाली. बोलायला मलाच उभं केलं. गावात बोलणारा मीच. समोर टेबलावर नव्या पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. मी व्हॉल्व्हपासून सुरुवात केली. बाईंचा फळा सांगितला, दोन रेघा सांगितल्या, जीभ का निवडली ते सांगितलं. नाना चुकले नव्हते, मला ठाऊक होतं, असं सरळ सांगितलं. मागच्या ओळीत कुणीतरी फस्सकन हसलं. मग शेजारचा. "आली, दिनूची म्हस आली," असं कुणीतरी म्हणालं आणि आख्खी सभा डोळे पुसत हसायला लागली. नानांना असंच आवडलं असतं, असं म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या. मी हात जोडून म्हणत राहिलो, की ही थाप नाही. तसं तर मी प्रत्येक थापेच्या शेवटी म्हणत आलो होतो.

एकटी प्रज्ञा हसली नाही. ती पहिल्या ओळीतून उठली, टेबलापाशी आली, माझ्यापुढचा तांब्या उचलला आणि घेऊन गेली.

घशाला कोरड पडली होती. पण त्या गावात पाणी मागायला मला तोंड उरलं नव्हतं.