तांब्याच्या तारेचं कडं
वार्निशची बाटली उघडली की मला डोकमर्डीतली आमची पहिली खोली आठवते. मुलीचे सर निवृत्त होत होते. त्यांच्यासाठी मी सागाचं पेन घडवलं होतं, पण निरोप समारंभ उद्यावर आला तरी मधल्या सांध्यावरचं पितळी कडं काही केल्या घट्ट बसेना. बायको कंपनीत मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याची तार गुंडाळायचं काम, करायची. "अहो, सरका जरा," म्हणत तिनं ते कडं काढून सांध्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळली, एकही वेढा दुसऱ्यावर चढू न देता, आणि वरून वार्निशचा हात दिला. सरांनी पेन घेताच त्या तारेच्या कड्यावरून बोट फिरवलं. "हे कुणी केलं?" "मीच," मी छाती फुगवून म्हणालो. बायको शेजारीच उभी होती. आता कुणी पेन मागितलं की बायको तार माझ्यापुढे ठेवते, "घ्या, तुम्हीच करता ना?" आणि मी सरकून तिला जागा देतो.