मोटारीला पांघरलेली गोधडी

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात रंगखात्याचा साहेब होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची लाज वाटेल.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी एक जुनी मोटार घेतली. (जुनी म्हणजे, विकताना आधीचा मालक हसला नाही, एवढंच.) धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न बदलापूरच्या मुलाशी ठरलं होतं आणि तुझी पाठवणी मोटारीतून करीन, असा शब्द मी देऊन बसलो होतो. आई गेल्यापासून पोरीने माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

मोटार खरवडली, रंगाआधीचा राखाडी हात, म्हणजे अस्तर, मारलं, वरचा काळा रंग मात्र मागे ठेवला. थंडीत दव पडतं, रंग नीट वाळत नाही. आणि मुहूर्त तर माघातला, घाई कसली? उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधल्या ज्या सिंधी शेठकडून रंग आणला, त्याने बजावलं होतं, "साहब, अस्तर सब पी जाता है. पानी से बचाना." मला, रंगखात्याच्या साहेबाला, शिकवतोय! मी नुसती मान हलवली.

ताडपत्री काही मिळेना. घरात आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी, लाल चौकड्यांची, मी उचलली. बायको म्हणाली, "ती नको. भिजली की रंग सोडते."

"शांता," मी म्हणालो, "रंगातलं मला कळतं."

महिनाभर मोटार गोधडीखाली निवांत झोपली. रोज सकाळी मी ती ओली गोधडी वरून चाचपायचो आणि दव अडलं म्हणून खूश व्हायचो. उचलून एकदाही पाहिलं नाही. (अस्तराला धूळ लागली असती ना!)

मार्गशीर्ष संपता संपता बदलापूरहून निरोप आला. नवऱ्यामुलाच्या आजीचा भरवसा नव्हता आणि पौषात लग्नं होत नाहीत, तेव्हा चार दिवसांत उरकायचं! आता काळा रंग मारला असता तर सगळं वऱ्हाड हात काळे करून गेलं असतं. म्हटलं, राखाडी तर राखाडी, स्वच्छ तर आहे. लग्न आमच्या दारात लागलं, आणि पाठवणीला सगळ्या व्याह्यांसमोर मी मोठ्या दिमाखात गोधडी ओढली.

टपापासून बॉनेटपर्यंत लाल चौकड्या! टाक्यांच्या ओळीसुद्धा उमटल्या होत्या. व्याही चष्मा पुसू लागले. शांता गोधडीची घडी घालू लागली.

मला रडूच आलं. म्हटलं, "कुसुम, शब्द दिला आणि चारचौघांत तुझी शोभा केली."

तिने बॉनेटवरून हात फिरवला. "दादा, हे आईचं लुगडं ना? ती नाही पाठवणीला म्हणून सकाळपासून जीव तुटत होता माझा." डोळे पुसून ती ऐटीत मोटारीत बसली. तो काळ्या रंगाचा डबा तिने मला पुढे कधीच उघडू दिला नाही.

कारखान्यात बातमी, शांताने दिलेल्या इशाऱ्यासकट, माझ्याआधी पोचली होती. तेव्हापासून कुठलाही रंग पास करायला माझ्यापुढे आणला, की हाताखालचे लोक अदबीने विचारत, "साहेब, आधी वहिनींना दाखवून आणू?"