काकांच्या गळाला काकूंचा रंग

लेक मिशिगनकाठच्या आमच्या शहरात डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साड्यांच्या एका दुकानात लतिकाकाकूंनी उमेदीची सगळी वर्षं मॅचिंगच्या काउंटरवर काढली. ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांनी कधी कुणाला ब्लाउजपीस विकला नाही. गिऱ्हाइकाला साडीसकट दाराबाहेर फुटपाथवर न्यायचं, मग बाहेर बर्फ का पडत असेना, आणि दिवसाच्या उजेडात कापडाला कापड लावून बघायचं. मालक चडफडायचा. गिऱ्हाईक कुडकुडत परत यायचं, पण पुढच्या लग्नाला पुन्हा काकूंनाच शोधत यायचं.

आता पंच्याहत्तरीला टेकलेल्या काकू हीच नजर प्लॅस्टिकच्या गांडुळांवर वापरतात. वाचून कुणाला हसू आलं तर माझी हरकत नाही. मीही हसलो होतो, आणि त्याबद्दल काकूंनी मला नदीवरून परतताना पोळीची गुंडाळी उशिरा दिली होती.

तर हेमचंद्रकाका, म्हणजे त्यांचे यजमान, हे पुलांचे इंजिनियर. पूल बांधता बांधता खालच्या पाण्याकडे बघायची सवय लागली, आणि रिटायर झाल्यावर त्या पाण्यात उतरले. त्यांना वेड स्टीलहेडचं. हा ट्राउटच्या जातीतला मासा. लेक मिशिगनमध्ये खाऊनपिऊन हाताएवढा लांब होतो आणि अंडी घालायला नदीत परत येतो. काका तो पकडतात आणि लगेच सोडून देतात. "बाळंतपणाला माहेरी आलेली असते रे ती. तिला काय खायचं?" असं म्हणतात. मला मासे खायला आवडतात, पकडायला नाही, त्यामुळे या वाक्याला मी दर वेळी मनातल्या मनात हात जोडतो.

या माशाला फसवायला गळाला मऊ प्लॅस्टिकचं बोटभर गांडूळ लावतात. दुकानात त्याचे इतके रंग मिळतात की बघणाऱ्यानं चक्रावून जावं. आणि सगळी गंमत तिथेच आहे, कारण काकांना लाल आणि हिरवा कळत नाही. जन्मापासूनच. गुलाबी त्यांना राखाडी दिसतो आणि केशरी कसा दिसतो ते त्यांनाच ठाऊक. बघायच्या कार्यक्रमातच त्यांनी हे स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्यावर पोह्यांची बशी पुढे करत काकू म्हणाल्या होत्या, "बरंच झालं. माझ्या साड्यांवर तुम्ही कधी बोलणार नाही." तेव्हापासून काकांचे टाय, मोजे आणि आता गांडुळं, सगळं खातं काकूंकडे.

काकू नदीवर आल्या की आधी काचेची एक बरणी पाण्यानं भरून घेतात. त्यात गांडूळ सोडतात, बरणी आभाळाकडे धरतात आणि डोळे बारीक करून बघतात. मग निकाल सुनावतात. पाणी गढूळ असेल तर झळझळीत राणी रंग. नितळ असेल तर फिकट अबोली, म्हणजे मासा बुजत नाही. आभाळ भरून आलेलं असेल तर वांगी रंग, त्याची सावली पाण्यात उठून दिसते. पाकिटावरची इंग्रजी नावं त्या वाचतही नाहीत. प्रत्येक रंगाची पिशवी वेगळी, कारण ही गांडुळं एकत्र ठेवली की कच्च्या रंगाच्या साडीसारखा त्यांचा रंग एकमेकांना लागतो. चुकून कुणी दोन रंग एका पिशवीत टाकले, तर काकू दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत.

मी सिद्धेश, त्यांच्या शेजारच्या अपार्टमेंटमधला. नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. गेल्या वर्षापासून काका हायवेवर गाडी चालवत नाहीत, म्हणून वसंतात त्यांना सेंट जोसेफ नदीवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पलीकडच्या मिशिगन राज्याचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे, म्हणजे शनिवारची झोप एक तास मागे. मी दर वेळी कुरकुरतो आणि दर वेळी जातो.

परवाच्या एप्रिलमधली गोष्ट. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि नदी दुधाच्या चहासारखी झाली होती. काका छातीपर्यंतची रबरी विजार चढवत होते. काकूंनी बरणी भरली, आभाळाकडे धरली, पिशव्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "राणी लावा. आज दुसरं काही चालायचं नाही."

आणि काकांच्या हातावर अबोली गांडूळ ठेवलं.

मी पिशवीत डोकावून बघितलं. फिकट गांडुळांच्या मध्ये दोन वांगी रंगाची घुसली होती आणि आजूबाजूच्या सगळ्यांना जांभळे डाग पडले होते. लतिकाकाकूंच्या पिशवीत! मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझ्या जॅकेटची बाही घट्ट धरली. काकांनी ते गांडूळ गळाला ओवलं आणि शीळ घालत पाण्यात उतरले.

"काकू, ते राणी नव्हतं," मी म्हणालो.

"असेल," काकू म्हणाल्या. "मधलं सगळं पुसट झालंय रे. कडेकडेचं दिसतं. रंग तर धुऊन धुऊन विटल्यासारखे झालेत. डॉक्टर इंजेक्शन देतात डोळ्यात. त्यानं आहे तेवढं टिकेल म्हणाले."

"काकांना माहीत नाही?"

"कादंबरीला माहीत आहे. तीच नेते." कादंबरी म्हणजे त्यांची मुलगी. "ह्यांना सांगायचं नाही. माझा गुडघा बदलला तेव्हा ह्यांनी पत्त्यांचा, ब्रिजचा क्लब सोडला, तो सोडलाच. आता हे कळलं तर नदी सोडतील, आणि दिवसभर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतील. मला ते बघवणार नाही. तू गप्प बस."

"पण काकू, चुकीच्या रंगावर मासा लागणार कसा, यार?" मी जरा चढ्या आवाजातच बोललो. माझा स्वभाव तसा आहे. वाईट वाटलं की मी आधी चिडतो.

"नाही लागला तर नाही लागला. ते नदीत उभे आहेत ना?"

आम्ही काठावर फोल्डिंगच्या खुर्च्यांवर बसलो. काका पुन्हा पुन्हा दोरी वरच्या अंगाला टाकत होते, गळावरचा फ्लोट तरंगत खाली येत होता, आणि त्या गढूळ पाण्यात ते अबोली गांडूळ कुठल्या माशाला दिसत असेल याचा विचार करून माझा जीव वरखाली होत होता. मधूनच काका ओरडून विचारायचे, "लतिका, रंग बदलू का गं?" काकू तितक्याच ठामपणे ओरडायच्या, "राणीच राहू द्या!" तो ठामपणा ऐकवत नव्हता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी थर्मासचं झाकण उगाचच घट्ट करत बसलो.

आणि फ्लोट गडप झाला.

आता यावर जाणकारांनी काय म्हणायचं ते म्हणावं. रॉड वाकला, रीळ किंचाळलं, काका पाण्यात धडपडत खालच्या अंगाला गेले आणि मी जाळं घेऊन बुटांसकट नदीत घुसलो. पाणी इतकं थंड की पाय आहेत की गेले ते कळेना. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर उसळला, दोनदा काकांना फिरवून गेला आणि शेवटी कसाबसा जाळ्यात आला. काठाजवळच्या उथळ पाण्यात आम्ही ते जाळं धरून ठेवलं. काकू काठी टेकत टेकत अगदी पाण्यापर्यंत आल्या.

स्टीलहेडच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रंगीत पट्टा असतो. काकांना तो दिसत नाही. त्यांच्या दृष्टीनं मासा नुसता राखाडी. म्हणून मासा आला की काकू त्यांना तो पट्टा सांगतात, आणि ते ऐकल्याशिवाय काका मासा सोडत नाहीत.

"हं, सांग," काका धापा टाकत म्हणाले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आज कसा आहे पट्टा?"

काकू वाकल्या. मान एका बाजूला कलती करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला. मी त्यांच्या मागे जाऊन हळूच सांगायच्या तयारीत होतो. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"मला नाही हो दिसत," त्या म्हणाल्या. "हिवाळ्याच्या आधीपासूनच नाही दिसत."

एका हातानं जाळं तसंच धरून काकांनी दुसरा ओला हात काकूंच्या हातावर ठेवला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मला तरी कुठे कधी दिसला होता?" काका म्हणाले.

"आता तुम्ही नदी सोडणार. मला माहीत आहे तुमचं."

"आणि घरी जाऊन काय करू? तिथे बसून आपण दोघं काय बघणार आहोत?" काका हसत होते. मग ते माझ्याकडे वळून करवादले, "अरे सिद्धेश, तुला डोळे आहेत ना? मासा ताटकळलाय. सांग लवकर!"

मी पुढे झालो. नाक पुसलं आणि बघितलं.

"गुलाबी आहे," मी म्हणालो.

"कुठला गुलाबी?" दोघंही एकदमच माझ्यावर खेकसले.