टेबलाची डावी बाजू

राजूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवत असे. भिंगाच्या धड्यात चिन्हांचा एक संकेत असतो: वस्तू भिंगाच्या डावीकडे ठेवायची आणि तिचं अंतर उणे धरायचं. मुलं हे विसरत, म्हणून मी प्रयोगाच्या टेबलाच्या एका टोकाला 'डावी' आणि दुसऱ्या टोकाला 'उजवी' असं ऑइलपेंटनं ठळक रंगवलं. रंगवताना मी माझ्या बाजूला उभा होतो. मुलं समोर उभी राहत. पुढं कैक वर्षं ती आपल्या उजव्या हाताला मेणबत्ती ठेवून मुकाट्यानं उणे लिहीत राहिली. पडद्यावर उलटी ज्योत पडतच होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

एका वर्षी प्रदर्शनासाठी मी एक हुशार मुलगी निवडली. सरावाला तिनं मेणबत्ती 'उजवी'वर ठेवली.

"डावी इकडं आहे," मी म्हणालो.

"सर, हा माझा डावा हात."

"तुझा राहू दे. टेबलाचा बघ."

"टेबलाला हात असतो का, सर?"

वर्ग खिदळला. आवाज ऐकून हेडसर आले आणि त्यांनी तोडगा काढला: टेबलच फिरवा. पोरांनी ते उचलून फिरवलं. सवयीनं मीही त्याच्याबरोबर फिरून पलीकडे गेलो आणि मुलांनी अदबीनं माझी जुनी जागा घेतली. सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त फळा त्यांच्या पाठीशी गेला. "आता बरोबर," म्हणून हेडसर निघून गेले.

मी प्रदर्शनातून तिचं नाव काढून टाकलं. तिच्या घरी सांगितलं, ती ऐनवेळी घाबरली. टेबल टेम्पोत घालून दुसऱ्याच मुलाला नेलं. मेणबत्ती तिथंच का, असं परीक्षकांनी विचारल्यावर तो म्हणाला, "तिथं लिहिलंय." आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

परवा बाजारात त्या मुलीची आई भेटली. मुलगी सुप्याच्या कारखान्यात आहे.

"तिला सुपरवायझर करत्यात, गुरुजी. पन मीच म्हनले, नगं. ऐनवेळी कच खाती ती. तुमीच सांगितलं हुतं न्हवं?"

मी तिथंच, मेथीच्या ढिगासमोर उभा राहून सगळं सांगितलं. ती घाबरली नव्हती, मी खोटं बोललो होतो. बाईनं नीट ऐकून घेतलं.

"मंग मेनबत्ती पायजे हुती कुटं?"

"डावीकडं."

"कुनाच्या?"

"तिच्या," मी म्हणालो.

बाईनं मोबाईल काढला, लेकीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आता तिला सांगा."