रंगनाथ भिंगारदिव्यांचं प्रभुभोजन

येरवड्याचे रंगनाथ भिंगारदिवे देवाला घाबरून असत, आणि आपण घाबरतो याचा त्यांना मोठा अभिमान होता. पिंपरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कारखान्याला टाळं लागलं, हातात व्हीआरएसचं पाकीट आलं, तेव्हा बाकीचे कामगार हवालदिल झाले. हे मात्र सरळ चर्चमध्ये गेले आणि जास्तीचं काम मागून घेतलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींत ते होतेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीच्या तुकड्यांचं आणि द्राक्षरसाच्या पेल्यांचं, तबक बाकाबाकांतून फिरवायचं, हा त्यांचा मान. आदल्या दिवशी बायकोनं, कांताबाईंनी, काळ्या मनुका उकळून रस गाळायचा आणि यांनी बोटाएवढे काचेचे पेले पुसत बसायचं. एखाद्यावर बोटाचा ठसा दिसला की दिवसभर अबोला. प्रभू म्हणजे राजा, राजाच्या पंगतीला जायचंय, मंडईत नाही, असं ऐकवायचे.

एकुलती मुलगी सोनाली कॉल सेंटरमध्ये लागली. रात्रभर अमेरिकेशी बोलायचं आणि सकाळी घरी येऊन झोपायचं, असा तिचा उलटा संसार. २००४ सालच्या एका पहिल्या रविवारी ती कंपनीच्या गाडीतून उतरली ती थेट चर्चमध्येच आली. अंगात जीन्स, गळ्यात ओळखपत्र. पापकबुलीच्या प्रार्थनेला सगळे गुडघ्यांवर असताना ही आपली बाकावर गाढ झोपलेली. रंगनाथराव तबक घेऊन तिच्या बाकाशी आले. ती दचकून जागी झाली, तिनं हात पुढे केला. आणि या गृहस्थांनी तबक तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईंच्या हातात दिलं. भर चर्चमध्ये, स्वतःच्या पोरीला टाळून!

आता खरं सांगायचं तर त्यांच्या मनात राग नव्हता. पोर पापकबुली न करता, अशी झोपेतून उठून खाईल आणि देवाची शिक्षा ओढवून घेईल, अशी त्यांना धास्तीच वाटली होती. पण हे तिला कोण सांगणार? ती उठून निघून गेली. त्यानंतर तिनं चर्चचं नाव काढलं नाही आणि यांनीही विषय काढला नाही. गॅस संपला का, दूध आलं का, एवढंच काय ते बापलेकीचं बोलणं उरलं. वर्ष असंच गेलं.

मग रंगनाथरावांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली. कांताबाईंचे गुडघे आधीच कामातून गेलेले, त्यामुळे अंग पुसणं, कूस बदलणं सोनालीवर आलं. शिफ्टहून यायची आणि पदर खोचावा तशा बाह्या सारून कामाला लागायची. चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घरी आणायला तयार होते, रंगनाथराव ऐकेनात. राजासमोर आडवं पडून खायचं म्हणजे काय? गुडघे टेकता येतील तेव्हाच घेईन. तीन महिने हा हट्ट चालला आणि तीन महिने माणूस आतून झुरत गेला. मरणाची त्यांना भीती नव्हती. प्रभुभोजनावाचून मरण येईल, याची होती.

चौथ्या महिन्यात ते हो म्हणाले, पण अटी घालून. पांढरा सदरा हवा, पाठीला आधार देऊन बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले हवेत. पाळकसाहेब सकाळी आले, प्रार्थना सुरू झाली, आणि ताठ बसायच्या धडपडीत रंगनाथरावांना लघवी झाली. लेंगा, चादर सगळं भिजलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. आज राहू द्या, मी या लायकीचा नाही, एवढंच कसंबसं म्हणाले. पाळकसाहेब बिचारे बाहेरच्या खोलीत कांताबाईंपाशी जाऊन उभे राहिले.

सोनाली नुकतीच कामावरून आलेली. तिनं वडिलांना आडवं केलं, ऊन पाण्यानं पुसलं, चादर बदलली. रंगनाथराव छताकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "सोना, मी तुला दिलं नव्हतं."

काय, ते तिनं विचारलं नाही. ओला लेंगा बादलीत टाकला.

"पप्पा, मी लायक आहे म्हणून आले नव्हते त्या दिवशी. रात्रभर लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या. कुणीतरी आपलं म्हणावं, म्हणून आले होते."

रंगनाथरावांचा बांध फुटला. एवढा कडक माणूस, पण चांगल्या हातानं तिचं मनगट धरून ढसाढसा रडला. इतकी वर्षं राजाचा दरारा सांभाळला, पण त्या राजानं दारं कुणासाठी उघडी ठेवली होती, हे तबक फिरवताना कधी मनातच आलं नाही. रडणं ओसरल्यावर त्यांनी हाक मारली, "पाळकसाहेब, आत या. आधी हिला द्या."

पाळकसाहेब आत आले. सोनाली तशीच उभी. ती नको म्हणणार, या भीतीनं कांताबाईंनी दाराची चौकट धरली. पोरीनं ओले हात जीन्सला पुसले आणि आपण होऊन पलंगाशी गुडघे टेकले. रंगनाथराव आडवेच होते. उठायची धडपड त्यांनी केली नाही. तिचं खाऊन होईपर्यंत थांबले आणि मग आपल्या घासासाठी तोंड उघडलं.