त्याच्या तव्यावरचा केसाडिया

अर्धा बर्गर. माझा. शुक्रवारी उरलेला, डब्यात बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला. माझ्या रूममेटनं शनिवारी सकाळी तो कचऱ्यात टाकला आणि वर फ्रीजमध्ये रूम फ्रेशनर मारला. पुढे आठवडाभर बटरला गुलाबाची चव होती.

अमेरिकेत, बॉथेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये आमचा एकच करार होता: बाहेर वाट्टेल ते खा, बीफ घरात आणायचं नाही. तो नागपूरचा, कोंबडी आवडीनं खाणारा, पण बीफ नाही म्हणजे नाही. मी पुण्याचा, काहीही खाणारा. करार मी आनंदानं मान्य केला होता, कारण रोज संध्याकाळी दोघांच्या पोळ्या तो करायचा. मी फक्त भांडी घासायचो.

"फेकण्याआधी विचारायचंस तरी!" मी ओरडलो.

"तू ठेवताना विचारलं का बे?" म्हणत तो कपड्यांचं बोचकं घेऊन लाँड्रीला गेला.

मी तणतणत दुकानात गेलो आणि बीफचा खीमा, चीज अन् टॉर्टिया, म्हणजे मैद्याच्या तयार मेक्सिकन पोळ्या, घेऊन आलो. केसाडिया मला ऑफिसातल्या एका मेक्सिकन बाईंनी तोंडी शिकवला होता. मनात म्हटलं, त्यात काय, खिम्याचा पराठाच की! अर्धा बर्गर सहन होत नाही काय? आता अख्खं घर घमघमू दे.

खीमा माझ्या पातेल्यात, कांदा-जिरं-तिखट घालून झकास झाला. पण टॉर्टिया भाजायचा कशावर? नॉनस्टिक पॅनमध्ये मी गेल्याच आठवड्यात पॉपकॉर्नचा कोळसा केला होता. उरला त्याचा लोखंडी तवा. त्याच्या आईनं साड्यांच्या घड्यांत गुंडाळून नागपूरहून पाठवलेला. हात पुढे करताना मी थबकलो. मग बर्गर आठवला.

चीज मी मूठभर जास्त घातलं. ते कडेनं ओघळलं, जळलं, स्मोक अलार्म किंचाळू लागला. मी त्याच्याखाली उशी हलवत उड्या मारत होतो आणि अलार्मलाही शिव्या घालत होतो. कसाबसा तो गप्प झाला, मी केसाडियाचे चार तुकडे केले, आणि दार उघडून हा आत.

"काय वास सुटला बे! चिकन?" बोचकं टाकून तो थेट ताटाशी आला. "यार, सकाळचं सॉरी. फेकायला नको होता मी. आणि तू माझ्यासाठी हे..."

असा संताप आला मला! दोन तास जीव लावून पोसलेला राग, आणि हा माणूस माफी मागतोय. तेवढ्यात त्यानं तुकडा तोंडाशी नेला. मी त्याच्या हातावर सणसणीत फटका मारला. तुकडा उडाला, गरम चीज त्याच्या धुतलेल्या शर्टावर.

"एक तुकडा देववत नाही तुला?"

"बीफ आहे!"

तो शर्ट झटकायचा थांबला. शेगडीकडे पाहिलं. "माझ्या तव्यावर?"

"घासतो ना, साबणानं," मी म्हणालो. यापेक्षा मूर्ख वाक्य मी आजवर बोललेलो नाही.

"ठेव तुलाच. कर त्याच्यावर पोळ्या."

तो खोलीत गेला. मी बंद दाराला भाषण ठोकलं: कोंबडीची तंगडी चालते, तेव्हा कुठे जातात तुझी तत्त्वं? दार उघडलं. "तुझ्या ताटाबद्दल मी कधी बोललो? घराबद्दल बोललो. आणि तू हो म्हटलं होतं."

मी आणखी चिडलो. चारही तुकडे, जमिनीवरचा धरून, रागारागानं खाल्ले. चव उत्तम होती, त्याचाही राग आला.

दोन दिवस तो खोलीत ब्रेड-जॅम खात होता, मी बाहेर हॉलमध्ये उरलेले टॉर्टिया चावत होतो. तिसऱ्या दिवशी इंडियन स्टोअरमधून नवा लोखंडी तवा आणून मी ओट्यावर आदळला. सॉरी म्हणायचं सोडून म्हणालो, "घे तुझा तवा."

त्यानं तवा उलटसुलट पाहिला. "नव्याला पोळी चिकटते. महिनाभर तरी."

"मग?"

"चिकटलेल्या तू खायच्या."

महिनाभर फाटक्या, करपलेल्या पोळ्या मी दातओठ खात गिळल्या. एक दिवस एक अखंड, टम्म फुगलेली पोळी निघाली. मी ताट पुढे केलं.

"ही माझी," तो म्हणाला.